डिकी वर टिकत नाही: जुन्या गाडीचे शॉकर बदलताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. हॅचबॅक गाडी पंधरा-सोळा वर्षं जुनी. डिकी उघडली की वर टिकत नाही, हळूहळू खाली येते. थंडीच्या दिवसांत तर थेट डोक्यावर. मध्यंतरी कुणीतरी डिकीला वर धरणाऱ्या गॅसच्या दोन शॉकरांपैकी फक्त डावा बदलून दिला, तोही ‘जरा जास्त ताकदीचा’. आता डिकी वर राहते, पण बंद करताना उजवा कोपरा आधी टेकतो आणि डाव्या बाजूला जोर लावावा लागतो. उजवीकडेही तसलाच दणकट शॉकर टाकावा का, जुन्यात गॅस भरून घेता येतो का, आणि हे काम घरी जमेल का?

घरी नक्की जमेल. गॅस भरायच्या नादी लागू नका. आणि तो दणकट शॉकर काढून टाका, त्याला जोडीदार शोधू नका. यातली शेवटची गोष्ट लोकांना पटायला सगळ्यात अवघड जाते, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहितो.

आधी आत काय असतं ते बघू. शॉकर म्हणजे बंद नळकांडं. त्यात मोठ्या दाबाखाली भरलेला नायट्रोजन असतो आणि थोडंसं तेल. स्प्रिंग वगैरे काही नसतं. दांडीच्या आतल्या टोकाला पिस्टन असतो, पण त्याला बारीक छिद्रं असल्यामुळे गॅस दोन्ही बाजूंना सारखाच पसरलेला असतो. मग दांडी बाहेर का ढकलली जाते? पिस्टनच्या एका बाजूला दांडीने जागा अडवलेली असते, तेवढ्या क्षेत्रावर पलीकडून उलट दाब येत नाही, म्हणून. थोडक्यात, ताकद म्हणजे गॅसचा दाब गुणिले दांडीचं क्षेत्रफळ. ८ मिमी दांडीचं क्षेत्रफळ सुमारे ५० चौ. मिमी. तिच्यातून ४५० न्यूटन (न्यूटन हे ताकद मोजायचं एकक) मिळवायचे तर आत सुमारे ९० बार दाब लागतो, म्हणजे गाडीच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास चाळीस पट. हा आकडा लक्षात ठेवा, जुन्या शॉकरचं काय करायचं ते सांगताना पुन्हा लागेल.

एवढा दाब वर्षानुवर्षं धरून ठेवण्याचं काम दांडीभोवतीचं एक रबरी सील करतं. ते शाबूत असलं तरी गॅस रेणू-रेणूने झिरपत राहतो, त्यामुळे कधीच न गळलेला शॉकरही म्हातारा होतोच. तेलाची कामं दोन: सील ओलं ठेवणं, आणि डिकी वर पोचताना शेवटच्या टप्प्यात तिचा वेग कमी करणं. यावरून निदान करता येतं. गॅस गेला की डिकी खाली येते. तेल गेलं की डिकी वर जाऊन ‘धाड’ करून आपटते. दांडीच्या तोंडाशी तेलकट ओल आणि तिच्यावर चिकटलेली धूळ दिसली, तर सील संपलं असं समजा.

थंडीत जास्त त्रास होतो याचं कारणही गॅसच. तापमान दहा अंशांनी उतरलं की ताकद साधारण साडेतीन टक्क्यांनी कमी होते. नव्या शॉकरला ते जाणवत नाही, त्याच्याकडे शिल्लक असते. काठावर आलेल्याला मात्र तेवढंच पुरतं.

पण शॉकरवर सगळं खापर फोडण्याआधी डिकीकडे बघा. जुन्या गाडीत दोष बऱ्याचदा वाटलेला असतो. मागून बसवलेला स्पॉयलर असेल तर वजन वाढलेलं असतं, तेही बिजागरीपासून दूर गेलं असलं तर जास्तच जाणवतं. डिकीच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती चिखलाने बुजली की पत्र्याच्या आत पाणी साठतं. डिकी हलवून कान द्या, डुबडुब आवाज आला तर आधी ती भोकं तारेने मोकळी करा. बिजागऱ्या सुकलेल्या असतील तर तेल द्या. शॉकर ज्या गोल डोक्याच्या बोल्टवर बसतो, म्हणजे ज्याला आपण नुसतं ‘बॉल’ म्हणतो, तो हाताने हलतोय का, आणि त्याच्याभोवतीचा पत्रा गंजून फुगलाय का, हेही बघा. पत्रा कुजलेला असेल तर नवीन शॉकर एके दिवशी बॉलसकट बाहेर येईल. तिथे आधी पत्र्याचं काम, मग बाकीचं.

आता ताकदीचा मुद्दा. शॉकर डिकी उचलत नाहीत, तोलतात. हिशोब मांडला की लगेच ध्यानात येईल. समजा डिकीचं वजन २० किलो आहे आणि पूर्ण उघडी असताना तिचा गुरुत्वमध्य बिजागरीपासून आडवा ५५ सेंमी अंतरावर येतो. म्हणजे ती सुमारे १०८ न्यूटन-मीटर इतक्या पिळाने, म्हणजे बिजागरीभोवती फिरवणाऱ्या जोराने, खाली यायला बघते. शॉकरची रेषा बिजागरीपासून काटकोनात १२ सेंमी अंतरावरून जात असेल, तर दोन्ही शॉकरनी मिळून ९०० न्यूटन द्यायला हवेत, प्रत्येकी ४५०. त्यावर पंधरा टक्के वाढवा, झाले सुमारे ५२०. कंपनीने नव्या गाडीला साधारण याच पद्धतीने आकडा ठरवलेला असतो. वरची शिल्लक थंडीसाठी, उतारासाठी आणि म्हातारपणासाठी.

याच आकड्यांत तुमची गाडी बसवून बघा. उजवा जुना शॉकर २५० वर आलाय असं धरू. डावीकडे ८०० चा टाकला. बेरीज १०५०, म्हणजे डिकी वर टिकणार. पण तीन चतुर्थांशाहून जास्त जोर एकाच कोपऱ्यातून जातोय. डिकीचा पत्रा तेवढा ताठ नसतो, ती पिळली जाते, डावी बाजू वर आणि उजवी खाली. म्हणून बंद करताना उजवा कोपरा आधी टेकतो. हे महिनोन्महिने चाललं तर डाव्या बिजागरीचा भाग ओढला जातो, रबर बीडिंग एका बाजूला दबतं, कुलपाची कडी तिरकी बसते आणि मग पावसाचं पाणी आत येऊ लागतं. माणूस ते पाणी शोधत टेललाइट उघडून बसतो.

बरं, उजवीकडेही ८०० चा टाकला तर? तिरकेपणा जाईल, पण बेरीज १६०० झाली, गरज ९०० ची होती. डिकी थोडी उघडताच सुसाट वर जाईल, जवळ उभ्या माणसाच्या हनुवटीला लागेल, आणि बंद करायला लटकावं लागेल. वर गंमत अशी, की ज्यासाठी लोक दणकट शॉकर मागतात ते तरीही होत नाही. ‘उघडताना सुरुवातीला जड लागते’ ही नेहमीची तक्रार. डिकी बंद असताना शॉकरची रेषा बिजागरीच्या अगदी जवळून जाते, काही गाड्यांत तर तिच्या पलीकडून. त्यामुळे पहिल्या वीतभर उघडण्यात शॉकरची मदत जवळजवळ नसतेच, कितीही ताकदीचा बसवा. तो टप्पा हातानेच उचलायचा असतो. पुढे ती आपली आपण वर जाते, आणि बंद करताना शेवटच्या टप्प्यात स्वतःच्या वजनाने खाली बसते. अशी वागणारी डिकी बरोबर आहे.

म्हणून मूळचाच आकडा शोधा. नळकांड्यावर पांढऱ्या अक्षरांत भाग क्रमांक आणि न्यूटनचा आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ ०५२०एन. जुन्यावर अक्षरं पुसट होतात. कोरड्या कापडाने हलकेच पुसा आणि टॉर्च तिरपा धरा. थिनर लावलात तर उरलीसुरली अक्षरंही जातील. तुमच्या उजव्या शॉकरवर हा छाप शिल्लक असेल तर निम्मं काम झालं. तो गाडीसोबत आलेलाच आहे याची खात्री मात्र करा. मॉडेलच्या नावावरून घेताना मागचा वायपर, स्पॉयलर आहे की नाही हेही सांगा, कारण एकाच मॉडेलच्या साध्या आणि वरच्या प्रकारात डिकीचं वजन वेगळं असू शकतं.

छाप अजिबात वाचता येत नसेल तर मोजून काढता येतं, आणि मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण त्यात डिकीचं वजनही माहीत असावं लागत नाही. दोन्ही शॉकर काढा. डिकी पूर्ण उघडी असते तेवढ्या उंचीवर एका उभ्या लाकडी टेकूवर ठेवा आणि टेकूच्या खाली घरातला माणसं तोलायचा वजनकाटा सरकवा. टेकू सरळ उभा हवा, आणि डिकी एका माणसाने धरून ठेवलेली हवी, पण वर उचललेली नको. काट्यावर जे येईल त्यातून टेकूचं वजन वजा करा. समजा ११ किलो आले आणि टेकू बिजागरीपासून आडवा १ मीटरवर आहे: ११ गुणिले ९.८ गुणिले १, म्हणजे १०८ न्यूटन-मीटर. हाच तो पिळ. मग वरच्या बॉलपासून खालच्या बॉलपर्यंत दोरी ताणा आणि बिजागरीच्या खिळ्यापासून त्या दोरीपर्यंतचं काटकोनातलं अंतर मोजा. पिळ भागिले अंतर भागिले दोन, वर पंधरा टक्के. काच हीच डिकी असलेल्या गाडीत, म्हणजे शॉकर थेट काचेला जोडलेले असतात तिथे, हा प्रयोग करू नका. तिथे भाग क्रमांकावरच जा.

ताकदीइतकीच लांबी महत्त्वाची. पूर्ण उघडा असताना एका बॉलच्या मध्यापासून दुसऱ्या बॉलच्या मध्यापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये घ्या आणि दांडी किती आत जाते ते बघा. नवा शॉकर लांब असेल तर डिकी जास्त उघडून छताच्या कडेला घासेल. त्याहून वाईट म्हणजे तो दाबल्यावर पुरेसा आखूड होत नसेल, तर डिकी बंद होण्याआधीच तळाला टेकतो आणि नंतरचा सगळा जोर पत्र्यावर आणि काचेवर जातो. ताकद चुकली तर त्रास होतो, दाबलेली लांबी चुकली तर मोडतोड होते. बॉलचा व्यास बहुतेक गाड्यांत १० मिमी असतो, पण मोजून घ्या.

एक विचित्र अडचण काही जुन्या गाड्यांत येते. मागच्या काचेच्या हीटरला वीज शॉकरमधूनच नेलेली असते. शॉकरच्या टोकाला वायरीची पिन दिसली तर साधा शॉकर बसवू नका, काचेवरचं धुकं जायचं बंद होईल. आणि डिकी बटणावर मोटारीने उघडत असेल, तर तिथल्या दांड्या हा वेगळाच प्रकार आहे. हे उत्तर त्यासाठी नाही.

आता बदलायचं काम. गाडी सपाट जागेवर, वारा नसलेल्या ठिकाणी. काढण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, दांडी कुठल्या बाजूला आहे ते कळेल असे. नवा शॉकर तसाच बसवायचा. आधी कुणी उलटा बसवल्याचा संशय असेल तर नियम हा, की डिकी बंद असताना दांडी खाली आणि नळकांडं वर. शॉकरचं बहुतेक आयुष्य त्याच अवस्थेत जातं. दांडी खाली असली की तेल सीलवर साठून राहतं. उलटा बसवलेला शॉकर लवकर कोरडा पडतो.

मग टेकू. मजबूत लाकडी दांडा, वरच्या टोकाला कापड गुंडाळलेला, आणि शिवाय एक माणूस. दोन्हीही. टेकू सरकतो आणि माणूस कंटाळतो. टेकू शॉकरच्या बाजूला नको, मध्यभागी कुलपाजवळ लावा, आणि डिकी नेहमीच्या उंचीपेक्षा बोटभर वर उचलून धरा. जुन्या शॉकरवरचा भार त्यामुळे निघतो, आणि नवा शॉकर पूर्ण लांबीचा असल्याने त्यालाही बसायला तेवढी जागा लागते. ही बोटभर उंची न दिल्यामुळेच लोक नव्या शॉकरशी झटापट करत बसतात.

शॉकरच्या टोकाला बॉलवर चढून बसणारी वाटी असते. ती प्लॅस्टिकची असेल तर तिच्या पाठीवर पोलादी पत्तीची एक काळी क्लिप दिसेल, अर्धचंद्रासारखी वळलेली. बारीक चपटा स्क्रू ड्रायव्हर पत्तीच्या खाली घाला आणि तीन-चार मिलिमीटर उचला, एवढंच. बोटाला ताण ढिला पडल्याचं कळतं. तसंच धरून दुसऱ्या हाताने वाटी बॉलवरून सरळ आपल्याकडे ओढा, ‘टक’ आवाज करून सुटते. तिरकी ओढली तर अडकते. पत्ती पूर्ण बाहेर काढायची गरज नाही. काढलीत तर ती उडते, आणि ती वाटी पुन्हा वापरायची असेल तर शोधत बसावं लागतं. वाटी धातूची असेल तर तारेची क्लिप असते, तिचं टोक फिरवून बाहेर ओढायचं.

आधी एक बाजू पूर्ण करा. जुना काढा, नवा बसवा, मग दुसरी. तुमच्याकडे मात्र ताकदवान डावा आधी काढा. उजवा आधी काढलात तर तेवढ्या वेळात सगळा पिळ डाव्या कोपऱ्यावर येईल.

जुना निघाला की बॉल पुसून नखाने चाचपडा. गुळगुळीत असेल तर ठेवा. खड्डे, गंज किंवा एका बाजूला चपटेपणा असेल तर बदला, नाहीतर नवी वाटी काही दिवसांतच खाल्ली जाईल. बॉलचा बोल्ट जाम असेल तर आदल्या संध्याकाळी गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. जोर लावताना बोल्टऐवजी आतला नट फिरतोय असं वाटलं तर तिथेच थांबा. तो नट खांबाच्या पत्र्याच्या आत बसवलेला असतो, सुटला तर आतलं अस्तर उघडावं लागतं. नवा बॉल आधी हाताने दोन-तीन आटे सरळ जाऊ द्या, पाना नंतर. थेट काचेला जोडलेला असेल तर वायसर जसेच्या तसे परत घाला आणि बेताने आवळा.

बसवताना वाटीत बोटाच्या टोकावर येईल एवढं ग्रीस लावा आणि तळहाताने सरळ दाबा. पुन्हा तोच ‘टक’. हातोडी नको. दाबून झाल्यावर उलट ओढून बघा, निघता कामा नये. दांडीला पक्कड लावू नका, स्क्रू ड्रायव्हर टेकवू नका, ग्रीस चोपडू नका, गाडीला रंग देताना तिच्यावर फवारा जाऊ देऊ नका. दांडीवरचा एक ओरखडा प्रत्येक उघडझापीला सीलवरून फिरतो. जुनी वाटी नव्या शॉकरवर चढवायची वेळ आली तर ती आट्यांवर असते, कापड धरून हाताने फिरवली की बहुधा सुटते.

दुसरी बाजू बसली की टेकू काढा, पण डिकी लगेच सोडू नका. हाताने धरून सावकाश खाली आणा आणि शेवटच्या वीतभर अंतरात थांबा. कुठे धातूला धातू लागतोय का, शॉकर खाचेत नीट जातोय का, तळाला टेकतोय का ते बघा. अडथळा वाटला तर ढकलू नका. सगळं मोकळं असेल तरच बंद करा.

गॅस भरण्याबद्दल. नळकांड्याला भोक पाडून, व्हॉल्व्ह झाळून पुन्हा भरून देणारे असतात. झाळल्याने नळकांड्याचा पत्रा बदलतो, आतलं झिजलेलं सील तसंच राहतं, आणि वरून ९० बार. काही जण नायट्रोजनऐवजी मिळेल तो गॅस भरतात. ऑक्सिजन आणि तेल एकत्र आलं तर स्फोट होतो. काही शॉकरना कंपनीकडूनच बारीक झडप येते, पण ती दाब कमी करायला असते, वाढवायला नाही.

काढलेले शॉकर निकामी वाटले तरी आत दाब असतोच. तुमचा २५० न्यूटनचा म्हातारासुद्धा ५० बार धरून बसलेला असेल. कापू नका, आगीत टाकू नका, उन्हात पडलेल्या भंगारात फेकू नका. भंगारवाल्याला हातात देताना ‘गॅसचा आहे, भरलेला आहे’ असं तोंडाने सांगा. डावा दणकट शॉकर चांगला असेल तर जपून ठेवायला हरकत नाही, पण दांडी खाली करून उभा ठेवा आणि त्यावर ताकद आणि लांबी लिहून ठेवा.

आता तुमचा कोपरा. नवी जोडी बसल्यावर डिकी अर्धी उघडी ठेवून मागे दहा पावलं जा आणि खालची कड बंपरच्या रेषेशी जुळवून बघा. सरळ दिसली आणि बंद केल्यावर दोन्ही बाजूंची फट सारखी असली, तर तिरकेपणा तात्पुरता होता. उजवा कोपरा अजूनही आधी टेकत असेल तर खालच्या कोपऱ्यांतले रबरी ठोकळे बघा. बऱ्याच गाड्यांत ते फिरवून आतबाहेर करता येतात, आणि तुमच्या उजव्या ठोकळ्याने एवढे दिवस मार खाल्लाय, तो झिजलेला किंवा सरकलेला असू शकतो. तेही ठीक असेल तर डाव्या बिजागरीचे बोल्ट अर्धा फेरा ढिले करा, डिकी बंद करून जागेवर बसू द्या आणि मग आवळा. बोल्टापर्यंत पोचायला छताच्या अस्तराची मागची कड उतरवावी लागते. तिच्या क्लिपा जुन्या गाडीत हमखास तुटतात, म्हणून चार नव्या आधीच आणून ठेवा.